पूरक की मारक? श्वानांच्या 'टॉनिक'ची दुसरी बाजू

प्रतिनिधी

शहरी घरांमध्ये श्वानाच्या जेवणाच्या भांड्याशेजारी आता बाटल्यांची रांग दिसू लागली आहे. हाडांसाठी कॅल्शियमचे सिरप, केसांच्या तकाकीसाठी तेल, यकृतासाठी टॉनिक, सांध्यांसाठी गोळ्या आणि पचनासाठी प्रोबायोटिकची पावडर असा हा सरंजाम असतो. औषधांच्या दुकानांत, प्राण्यांच्या साहित्याच्या दुकानांत आणि संकेतस्थळांवर ही उत्पादने बहुधा पशुवैद्यकाच्या चिठ्ठीविना मिळतात. फायदा झाला तर उत्तम, नाही झाला तरी अपाय तर होणार नाही, अशी समजूत या खरेदीमागे असते.

पशुवैद्यकशास्त्राला ही समजूत मान्य नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि लोह यांच्याशिवाय श्वानाचे शरीर चालू शकत नाही, हे खरे. परंतु याच घटकांची मात्रा चुकली तर हाडे वाकडी होणे, मूत्रपिंड निकामी होणे, प्रसंगी मृत्यू ओढवणे, असे परिणाम संभवतात. 'पूरक' या शब्दाचा अर्थ उणीव भरून काढणारे असा आहे. मग उणीव कोणती, किती आणि ती खरोखर आहे का, हे प्रश्न बाटली विकत घेण्यापूर्वीच विचारायला हवेत. पूरक सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर बाटलीवर कमी आणि श्वानाच्या रोजच्या आहारात अधिक दडलेले असते.

आधी भांड्यात काय आहे, ते पाहा

श्वानांच्या आहाराचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिला कंपन्यांच्या तयार खाद्याचा. ज्या खाद्यावर 'संपूर्ण व संतुलित' असा उल्लेख असतो, त्यात त्या वयाच्या श्वानाला लागणारी जीवनसत्त्वे व खनिजे आधीच मिसळलेली असतात. 'असोसिएशन ऑफ अमेरिकन फीड कंट्रोल ऑफिशियल्स' म्हणजे 'आफको' या संस्थेचे निकष या उद्योगात सर्वत्र आधारभूत मानले जातात. वाढत्या पिल्लांच्या खाद्यातील कोरड्या भागात किमान १.२ टक्के कॅल्शियम असावे, असे हे निकष सांगतात. त्याची कमाल मर्यादा २.५ टक्के असून मोठ्या चणीच्या जातींच्या पिल्लांसाठी ती १.८ टक्के आहे. निरोगी पिल्लाला असे खाद्य पुरेशा प्रमाणात मिळत असेल, तर वरून कॅल्शियम देण्याचे कारण उरत नाही.

दुसरा प्रकार घरच्या अन्नाचा. महाराष्ट्रातील असंख्य घरांत श्वानाला दूध-पोळी, ताक-भात किंवा भात आणि उकडलेले चिकन दिले जाते. या अन्नात प्रेम भरपूर असले, तरी खनिजांचा हिशेब जुळत नाही. हाडाविना मांसात कॅल्शियम अत्यल्प आणि फॉस्फरस मात्र त्याच्या १५ ते २० पट असतो. पिल्लांच्या आहारात या दोन खनिजांचे प्रमाण साधारणपणे एकास एक ते दोनास एक असायला हवे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक. केवळ मांस-भातावर वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी हाडांतील साठा उपसू लागते. हाडे ठिसूळ होतात आणि लहानशा उडीनेही मोडू शकतात. अशा पिल्लाला कॅल्शियम देणे आवश्यकच ठरते.

एकाच गल्लीतील दोन घरांत एकाच जातीची, एकाच वयाची पिल्ले असली, तरी एकासाठी कॅल्शियमची बाटली गरजेची आणि दुसऱ्यासाठी घातक ठरू शकते, ती यामुळेच. 'आमच्या कुत्र्याला अमुक टॉनिकने गुण आला' हा शेजाऱ्याचा सल्ला म्हणूनच बिनचूक नसतो.

कॅल्शियमचा अतिरेक आणि वाकडे पाय

भारतातील श्वानपालक सर्वाधिक सढळ हाताने देतात ते पूरक म्हणजे कॅल्शियम. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या चणीच्या जातींची पिल्ले घरी आली, की हाडे भक्कम व्हावीत म्हणून सिरप सुरू होते. जर्मन शेफर्डचे कान लवकर ताठ व्हावेत यासाठी मात्रा वाढवण्याची पद्धतही रूढ आहे. वस्तुतः कान हाडाचे नसून कूर्चेचे असतात. वय वाढेल तसे ते उभे राहतात आणि दात येण्याच्या काळात काही दिवस पुन्हा पडणे हेही स्वाभाविक असते. आहार योग्य असेल, तर कॅल्शियमच्या जादा मात्रेने त्यांना ताठरपणा येत नाही.

या अतिरेकाचा परिणाम काय होतो, हे नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात तपासले गेले. हर्मन हाझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ग्रेट डेन जातीच्या पिल्लांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाच्या खाद्यात १.१ टक्के, तर दुसऱ्या गटाच्या खाद्यात ३.३ टक्के कॅल्शियम होते. जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या हाडांची व कूर्चेची वाढ बिघडल्याचे आढळले.

याचे कारण पिल्लांच्या शरीरधर्मात आहे. प्रौढ श्वानाच्या आतड्यांना गरजेपुरतेच कॅल्शियम शोषून बाकीचे बाहेर टाकण्याची कला बऱ्यापैकी अवगत असते. साधारण सहा महिन्यांखालील पिल्लांत हे नियंत्रण पूर्ण विकसित झालेले नसते. जेवढे कॅल्शियम पोटात जाईल, त्याचा मोठा हिस्सा रक्तात उतरतो आणि त्यासाठी शरीराला जागा शोधावी लागते. वेगाने वाढणाऱ्या मोठ्या जातींमध्ये याचा फटका अधिक बसतो. पुढचे पाय धनुष्याकृती होणे, सांध्यांतील कूर्चा सुटणे, लंगडणे ही लक्षणे दिसू लागतात. दुर्दैवाने पाय वाकडे दिसू लागले, की कॅल्शियम कमी पडत असावे असे मानून पालक मात्रा आणखी वाढवतात आणि आजार बळावतो. असे पाय दिसताच आहाराचा पूर्ण हिशेब घेऊन पशुवैद्यकाकडे जाणे आणि आवश्यक तर एक्स-रे काढणे, हाच मार्ग योग्य होय.

बाजारातील बहुतेक कॅल्शियम सिरपमध्ये कॅल्शियमबरोबर फॉस्फरस, ड-३ आणि ब-१२ जीवनसत्त्वेही असतात. तयार खाद्य, त्यावर सिरप, जोडीला जीवनसत्त्वांचे थेंब आणि खाऊ म्हणून कॅल्शियमयुक्त हाडूक, असा चौपदरी मारा झाला, तर एकूण मात्रा किती झाली याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही.

गाभण कुत्रीला कॅल्शियम देताना

गाभणपणात कॅल्शियम द्यावे, हा सल्ला माणसांच्या अनुभवावरून सरसकट कुत्रीलाही लागू केला जातो. कुत्रीच्या बाबतीत तो उलटू शकतो. गाभणपणात बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले, की हाडांतून कॅल्शियम मोकळे करणारी पॅराथायरॉइड ग्रंथींची यंत्रणा मंदावते. प्रसूतीनंतर दुधावाटे अचानक मोठ्या प्रमाणात कॅल्शियम बाहेर जाऊ लागते, तेव्हा ही सुस्तावलेली यंत्रणा वेळेवर जागी होत नाही. रक्तातील कॅल्शियम घसरते आणि 'एक्लॅम्प्सिया' हा जीवघेणा विकार उद्भवतो.

अस्वस्थपणा, धापा टाकणे, अंगाला कंप सुटणे, चाल ताठरणे आणि पुढे झटके येणे ही त्याची लक्षणे आहेत. पिल्ले झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात, विशेषतः छोट्या चणीच्या व जास्त पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा धोका अधिक असतो. ही तातडीची अवस्था असून शिरेवाटे कॅल्शियम देण्याचे काम पशुवैद्यकानेच करायचे असते. गाभणपणाच्या उत्तरार्धात कुत्रीला पिल्लांसाठीचे दर्जेदार संतुलित खाद्य देणे हा तुलनेने सुरक्षित पर्याय मानला जातो. प्रसूतीनंतर कॅल्शियम द्यायचे की नाही, हे पशुवैद्यकाने ठरवायचे.

ड जीवनसत्त्व : छोटे पाकीट, मोठा धोका

श्वानाला उन्हात बसवले की ड जीवनसत्त्व मिळते, हा समज चुकीचा आहे. माणसाच्या त्वचेत उन्हामुळे हे जीवनसत्त्व तयार होते. श्वानांच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही, हे उट्रेख्टमधीलच संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे श्वानाला ते अन्नातूनच मिळावे लागते. मात्र आवश्यक आणि अपायकारक या दोन मात्रांतील अंतर फार नाही. 'आफको'च्या निकषांनुसार एक किलो कोरड्या खाद्यात ड जीवनसत्त्व किमान ५०० आणि कमाल ३,००० आययू, म्हणजे आंतरराष्ट्रीय एकके, असावे.

या पार्श्वभूमीवर भारतीय घरांत सर्रास आढळणाऱ्या एका वस्तूकडे पाहायला हवे. माणसांसाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाची ड-३ जीवनसत्त्वाची पाकिटे किंवा कॅप्सूल ६०,००० आययूची असते. वजनात हे १.५ मिलिग्रॅम होते. श्वानांमध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.१ मिलिग्रॅमपासून विषबाधेची लक्षणे दिसू शकतात आणि ०.५ मिलिग्रॅमच्या पुढे ती गंभीर होतात. म्हणजे १५ किलोच्या श्वानाने असे एक पाकीट फोडून चाटले, तरी तो धोक्याच्या उंबरठ्यावर पोहोचतो. तीन किलोच्या पॉमेरेनियनसाठी तेच एक पाकीट गंभीर विषबाधेला पुरेसे ठरू शकते.

या विषबाधेचे वैशिष्ट्य असे, की ती लगेच लक्षात येत नाही. उलट्या, मंदपणा, अन्नावरची वासना जाणे, खूप तहान लागणे व वारंवार लघवी होणे ही लक्षणे अनेकदा १२ ते ३६ तासांनी उमटतात. तोवर रक्तातील कॅल्शियम वाढू लागलेले असते आणि ते मूत्रपिंडासह मऊ ऊतींमध्ये साचू लागते. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहत असल्याने उपचारही लांबतात. म्हणूनच पाकीट खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

कारखान्यातील चूकही किती महाग पडते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. हिल्स पेट न्यूट्रिशन या कंपनीने २०१९च्या जानेवारीअखेर आपले काही डबाबंद श्वानखाद्य बाजारातून परत मागवण्यास सुरुवात केली. पुरवठादाराकडून आलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत एका नमुन्यात ते शिफारस केलेल्या सुरक्षित कमाल मर्यादेच्या सुमारे ३३ पट आढळले. नामांकित कंपनीच्या हातून मिश्रणाचा हिशेब चुकू शकतो, तर स्वयंपाकघरातील चमच्याने तो चुकणे अधिकच सोपे आहे.

माणसांच्या गोळ्या श्वानांना नकोत

'अर्धी गोळी देऊन पाहू' हा घरगुती तोडगा अनेक अपघातांच्या मुळाशी असतो. लोहाच्या गोळ्या हे त्याचे ठळक उदाहरण. सरकारी कार्यक्रमात प्रौढ महिलांना दिल्या जाणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळीत ६० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह असते. औषध दुकानांतील काही गोळ्यांत ते १०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. श्वानांमध्ये दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होऊ शकतो आणि ६० मिलिग्रॅमच्या वर विषबाधा गंभीर होते. गर्भवतीच्या उशाशी ठेवलेली दहा गोळ्यांची पट्टी दहा किलोच्या श्वानाने चघळली, तर तो ही सीमा गाठतो. रक्ताच्या उलट्या व जुलाब, त्यानंतर काही तास बरे वाटल्याचा आभास आणि मग यकृतावर आघात, असा या विषबाधेचा फसवा क्रम असतो.

दुसरा धोका गोडव्याचा आहे. साखरविरहित च्युइंगम, चघळायच्या जीवनसत्त्वाच्या काही गोळ्या आणि काही टूथपेस्ट यांत 'झायलिटॉल' हा गोड पदार्थ असतो. माणसाला तो निर्धोक असला, तरी श्वानाच्या शरीरात तो इन्सुलिनचा लोंढा सोडतो. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम इतक्या मात्रेतही रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, तीही अनेकदा अर्ध्या-एक तासात. ०.५ ग्रॅमपुढे यकृत निकामी होण्याचा धोका असतो. काही वेष्टनांवर या पदार्थाचा उल्लेख 'बर्च शुगर' असाही आढळतो.

मधुमेही व्यक्तींच्या औषधांत असणारे 'अल्फा लिपोइक ॲसिड' जास्त प्रमाणात पोटात गेल्यासही श्वानाची साखर घसरून झटके येऊ शकतात. घरातील आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा श्वानाच्या आवाक्याबाहेर ठेवणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय आहे.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

वनस्पतिजन्य पूरकांविषयी भारतीय मनात आपुलकी आहे. तथापि वनस्पती नैसर्गिक आहे, एवढ्यावरून तिच्या सुरक्षिततेचा दाखला मिळत नाही. गोचीड लागू नयेत म्हणून श्वानाला लसूण देण्याची पद्धत जगभर आहे. लसूण व कांद्यातील गंधकयुक्त संयुगे श्वानाच्या तांबड्या पेशींना इजा करतात आणि मात्रा वाढल्यास रक्तक्षय होतो. जपानमधील होक्काइडो विद्यापीठात २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात श्वानांना सात दिवस रोज दर किलो वजनामागे पाच ग्रॅम लसणाएवढा अर्क देण्यात आला. त्यांच्या तांबड्या पेशींची हानी झाल्याचे आणि हिमोग्लोबिन घटल्याचे आढळले.

ही मात्रा मोठी होती, हेही नमूद करायला हवे. दहा किलोच्या श्वानाला रोज ५० ग्रॅम लसूण कोणी देत नाही. शिवाय जपानमध्येच २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळ मुरवलेल्या लसणाचा ठरावीक अर्क १२ आठवडे देऊनही असा अपाय दिसला नाही. म्हणजे प्रश्न मात्रेचा आणि प्रकाराचा आहे. मात्र पुडीवर लसणाचे नेमके प्रमाणच लिहिलेले नसेल, तर ती मात्रा मोजायची कशी? शिवाय लसणाने गोचीड दूर राहतात, याला भक्कम पुरावा नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तक्षय होतोच. त्यात तांबड्या पेशींवर आणखी भार टाकणे शहाणपणाचे नाही.

गोचीड-तापात रक्तातील प्लेटलेट घटल्या, की पपईच्या पानांचा रस किंवा सिरप देण्याची प्रथाही शहरांत रुजली आहे. येथे खरा धोका रसापेक्षा विलंबाचा असतो. एर्लिकिया या जंतूमुळे होणाऱ्या तापावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक परिणामकारक आहे. घरगुती उपायांत चार दिवस गेले, तर उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

पोट भरलेले आहे की रिकामे, यानेही फरक पडतो. हिरव्या चहाच्या अर्काविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उपाशीपोटी अर्क दिलेल्या श्वानांना इतका गंभीर अपाय झाला, की प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. मोठ्या मात्रेतील अर्क आणि कपातील चहा यांत अंतर असले, तरी 'अर्क' हा शब्द हलक्याने घेण्याजोगा नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

फायदा किती?

सर्वच पूरके निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. वृद्ध श्वानांच्या सांधेदुखीवर माशांच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा उपयोग होतो, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये श्वान व मांजरांच्या सांधेविकारावरील उपलब्ध चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात ओमेगा-३ युक्त आहार व पूरकांचा वेदनाशामक परिणाम दिसून आला. सर्वाधिक खपणाऱ्या ग्लुकोसामाइन-काँड्रॉइटिनचा परिणाम मात्र दिसला नाही. ही गोळी सहसा अपाय करत नाही. परंतु तिच्या भरवशावर वजन घटवणे आणि योग्य वेदनाशामक उपचार लांबणीवर टाकले, तर श्वान विनाकारण वेदना सोसत राहतो.

ओमेगा-३ देतानाही तारतम्य लागते. जास्त तेलाने जुलाब होतात, वजन वाढते आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. माशाच्या शरीराचे तेल आणि कॉड लिव्हर ऑइल या दोन भिन्न वस्तू आहेत. माशाच्या यकृतापासून काढलेल्या तेलात अ व ड जीवनसत्त्वे असतात. ओमेगा-३ मिळावे म्हणून ते सढळ हाताने ओतल्यास या दोन्ही जीवनसत्त्वांचा अतिरेक होऊ शकतो. उष्ण हवेत उघडी राहिलेली तेलाची बाटली लवकर खवट होते, हेही ध्यानात ठेवावे.

कायद्याच्या दोन चौकटींमधली फट

या उत्पादनांची तपासणी कोणी तरी केलेली असेलच, असे ग्राहक गृहीत धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेत माणसांच्या आहारपूरकांसाठी १९९४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तो प्राण्यांच्या उत्पादनांना लागू नाही, असे तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने प्राण्यांचे पूरक एक तर 'अन्न' ठरते किंवा 'औषध'. त्यासाठी वेगळा वर्ग नाही.

याच प्रशासनाच्या विनंतीवरून अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने घोडे, श्वान व मांजरांच्या आहारपूरकांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करून २००९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ल्युटीन, इव्हनिंग प्रिमरोज तेल आणि लसूण हे तीन घटक नमुन्यादाखल निवडण्यात आले होते. त्यांच्या वापराची सुरक्षित कमाल मर्यादा काटेकोरपणे ठरवण्याइतकी शास्त्रीय माहितीच उपलब्ध नसल्याचे तज्ज्ञांच्या समितीला आढळले. दुष्परिणामांची पद्धतशीर नोंद होण्याची गरजही समितीने अधोरेखित केली.

भारतातही चित्र विस्कळितच आहे. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील औषधाच्या व्याख्येत प्राण्यांसाठीची औषधे येतात. २००६च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यातील 'अन्ना'च्या व्याख्येतून मात्र पशुखाद्य वगळलेले आहे. श्वानांची अनेक टॉनिके 'पशुखाद्य पूरक, औषधी उपयोगासाठी नाही' असा मजकूर छापून विकली जातात. नव्या औषधाला बाजारात येण्यापूर्वी आपली परिणामकारकता व सुरक्षितता सिद्ध करावी लागते. खाद्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीला ती परीक्षा द्यावी लागत नाही. साहजिकच तपासणीची जबाबदारी बऱ्याच अंशी पालक आणि पशुवैद्यक यांच्यावर येऊन पडते.

बाटलीवर लिहिलेले आत असतेच, असेही नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये बाजारातील २५ प्रोबायोटिक उत्पादने तपासली. त्यांपैकी १५ उत्पादनांवर जिवाणूंची संख्या छापलेली होती. प्रत्यक्षात तेवढे किंवा त्याहून अधिक जिवंत जिवाणू केवळ चार उत्पादनांत निघाले.

औषधांशी होणारी गाठ

पूरके नियमित औषधांच्या कामातही अडथळा आणू शकतात. कॅल्शियम आणि लोह यांची काही प्रतिजैविकांशी आतड्यातच जोडी जमते आणि औषध रक्तात पुरेसे उतरत नाही. टेट्रासायक्लिन गटातील औषधे आणि एन्रोफ्लॉक्सासिन ही त्याची उदाहरणे. गोचीड-तापाची गोळी लोहाच्या टॉनिकबरोबर दिली, तर मूळ उपचारच लंगडा पडण्याची भीती असते. दोन्हींच्या वेळांत किती अंतर ठेवावे, हे पशुवैद्यकाला विचारून घ्यावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर माशांच्या तेलासह सर्व पूरकांची यादी आधीच सांगणे आवश्यक आहे. पुष्कळ पालक टॉनिकला औषध समजत नाहीत आणि म्हणून त्याचा उल्लेखही करत नाहीत.

पूरकासाठी दरमहा खर्च होणारी रक्कम चांगल्या आहारावर, वेळेवर लसीकरणावर, जंतनिर्मूलनावर आणि वर्षातून एका रक्ततपासणीवर खर्च झाली, तर निरोगी श्वानाला त्याचा लाभ अधिक होतो. ज्याला पूरकाची खरोखर गरज आहे, त्याची गरजही या तपासणीतून आणि आहाराच्या नोंदीतूनच कळते.

खरेदीपूर्वी हे पाहा

* श्वान आठवडाभर काय आणि किती खातो, ते लिहून काढा व ती यादी पशुवैद्यकाला दाखवा. खाऊ आणि टॉनिकेही त्यात लिहा.
* 'संपूर्ण व संतुलित' खाद्य खाणाऱ्या निरोगी पिल्लाला स्वतःहून कॅल्शियम देऊ नका. घरच्या अन्नावरील पिल्लाची मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.
* प्रत्येक घटकाचे प्रमाण, वजनानुसार मात्रा, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत वेष्टनावर असावी. केवळ घटकांची नावे असलेली पुडी टाळा.
* एकच जीवनसत्त्व दोन-तीन बाटल्यांतून जात नाही ना, हे पडताळा.
* कर्करोगापासून संधिवातापर्यंत सर्व आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या उत्पादनापासून दूर राहा.
* नवे पूरक एका वेळी एकच सुरू करा, म्हणजे त्रास झाल्यास कारण कळेल.

चुकून जास्त पोटात गेल्यास

* लक्षणांची वाट पाहू नका. पशुवैद्यकाला लगेच दूरध्वनी करा.
* वेष्टन, उरलेल्या गोळ्या, श्वानाचे वजन आणि खाल्ल्याची अंदाजे वेळ ही माहिती हाताशी ठेवा.
* उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नका. त्याने मिठाची विषबाधा होऊ शकते. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.
* श्वान बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर तोंडावाटे काहीही देऊ नका. त्याला थेट रुग्णालयात न्या.